उपासाच्या दिवसांचे रकाने

माझा मोठा भाऊ एकेचाळिसाव्या वर्षी दुकानाचं शटर वर करता करता गेला. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. बेंगळुरातल्या चिकपेटेत त्याचं साड्यांचं दुकान होतं. शटर अर्ध्यावर आलं आणि तो खाली बसला, एवढंच शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. लहानपणापासून तो जाड होता आणि घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं. खात्यापित्या घरचा मुलगा असाच दिसतो, असं आई म्हणायची. तो गेल्यावर डॉक्टरांनी जी कारणं सांगितली त्यातलं एकही त्या सकाळी सुरू झालेलं नव्हतं. सगळं पंचवीस-तीस वर्षं आत चाललेलं होतं.

त्यानंतर सात महिन्यांनी माझ्या मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली. नववीच्या मुलींची वैद्यकीय तपासणी झाली होती. चिठ्ठीत तीन ओळी होत्या. वजन एकाहत्तर किलो. मानेच्या मागे काळसर पट्टा. डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

त्यातली दुसरी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तो पट्टा मला माहीत होता. दोन वर्षं मी तो मळ समजून दर रविवारी शिकेकाईच्या चोथ्यानं घासत होते. ती ओरडायची, "आई, आग होतेय!" आणि मी म्हणायचे, "मान नीट धूत जा, म्हणजे होणार नाही." चिठ्ठी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला अण्णाची मान आठवली. शर्टाच्या कॉलरच्या वर तसाच पट्टा होता त्याच्या. वहिनी कॉलर घासून घासून फाडायची.

ह्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "वाढतं वय आहे. उंची वाढली की बसेल सगळं." ह्यांची बदली तेव्हा तुमकूरला होती, शनिवारी यायचे, रविवारी रात्री जायचे. तेव्हा पुढचं सगळं माझ्यावर आणि सासूबाईंवर होतं. सासूबाईंना मी इथल्या पद्धतीनं अत्ते म्हणत असे. आमची दोन्ही घराणी कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरातच आहेत. घरात मराठी आणि दारात कन्नड, आणि मधल्या उंबऱ्यावर दोन्ही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय महाविद्यालयाचं नाव सांगितलं. तिथल्या एक डॉक्टरबाई जाड मुलामुलींच्या रक्ताचा अभ्यास करत होत्या. आहार आणि व्यायाम यांनी रक्तात काय बदलतं, ते त्यांना पाहायचं होतं. असली तपासणी बाहेर कुठं होत नाही, तिथं होईल, असं ते म्हणाले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुलीला घेऊन गेले.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. कन्नडमध्ये बोलत होत्या आणि अवघड शब्द आला की थांबून सोपा शोधत होत्या.

"लोखंडाला गंज चढतो ना, तसं समजा," त्या म्हणाल्या.

"मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आहे, डॉक्टर. गंज मला समजतो."

"मग बरंच झालं. श्वासातून आपण प्राणवायू घेतो, त्याच्यावर जगतो. पण त्यातला थोडा भाग शरीरात फार तिखट होऊन बसतो. पेशींना आतून खात राहतो. ते सगळ्यांचंच होतं. शरीराजवळ त्यावर उताराही असतो. या मुलांमध्ये काय होतं, तर चरबी साठली की हा तिखट भाग जास्त तयार होतो आणि उतारा पुरत नाही. मग रक्तवाहिन्या वयाच्या आधी म्हाताऱ्या व्हायला लागतात."

"किती आधी?"

"ते सांगता आलं असतं तर मी अभ्यास कशाला केला असता?"

मुलगी इतका वेळ खाली बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे मी आतून गंजलेय?"

"छे गं," डॉक्टर म्हणाल्या. "तू चौदा वर्षांची आहेस. तुझं अजून सगळं धुऊन निघतं."

पण मला ते शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही. मी स्टोअर्समधली बोल्टांची पेटी पाहत होते. एका बोल्टाला तांबूस ठिपका दिसला तर तो लगेच बाजूला काढावा लागतो, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत सगळी पेटी जाते. मुलीतून काय बाजूला काढणार?

रक्त घेतलं. आकडा आठवड्यानं आला. असायला हवा त्यापेक्षा बराच वर होता. डॉक्टरांनी तीनच गोष्टी सांगितल्या. रोज पाऊण तास भरभर चालायचं, धाप लागेल पण बोलता येईल इतपत. तळलेलं आणि मैद्याचं कमी करायचं, फळं, पालेभाज्या, कडधान्यं वाढवायची; उपाशी मात्र ठेवायचं नाही. आणि तोंडात जे जाईल ते सगळं लिहायचं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

लिहिण्याची अडचण नव्हती. त्याच संध्याकाळी मी दोनशे पानी वहीला रकाने पाडले. तारीख, सकाळ, डबा, दुपार, संध्याकाळ, रात्र, चालणं. खाण्याचंही जमलं. डब्यातल्या पुऱ्या गेल्या, नाचणीची भाकरी आणि कोसंबरी आली. काकडी आणि भिजलेली मूगडाळ, वर लिंबू. ती आवडीनं खायची. कोपऱ्यावरच्या बेकरीतलं गोड खोबरं भरलेलं दिलपसंद बंद झालं. बेकरीवाला मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "अक्का, पापूला बरं नाही का? पोरगी दिसली नाही." मी म्हटलं, "बरं व्हायला लागलीय."

अडचण होती ती चालण्याची. जयनगरात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर बाग होती. पहिल्या दिवशी ती गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत परत आली, बूट भिरकावले आणि खोलीचं दार लावून घेतलं. कॉलेजच्या पोरांचा एक घोळका बाकावर बसायचा. ती जवळ आली की ओरडायचे, "रोड रोलर बंतु, दारी बिडी!" रोड रोलर आला, वाट सोडा. मी म्हटलं, मी बरोबर येते, बघते कोण ओरडतंय. ती दारामागून म्हणाली, "तू आलीस तर दोन रोलर म्हणतील."

उपाय तिनंच शोधला. बनशंकरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुना पिंपळाचा पार आहे, इथं त्याला अरळीकट्टे म्हणतात. पाराभोवती नागाचे दगड मांडलेले. सकाळी तिथं बायका प्रदक्षिणा घालत असतात, कुणी एकवीस, कुणी एकशे आठ, हातात मोजायला चिंचोके. कुणी मुलासाठी, कुणी लग्नासाठी, कुणी गुडघ्यांसाठी. "तिथं फिरणाऱ्याला कुणी हसत नाही," मुलगी म्हणाली. ते खरं होतं. देवाभोवती फिरणारा माणूस जाड आहे की बारीक, हे बघायची कुणाची हिंमत नसते.

पहाटे सहाला आम्ही जायचो. मी पारावर बसून चिंचोके मोजायची आणि ती फिरायची. पहिल्या आठवड्यात एकवीस, मग तीस, मग चोपन्न. चोपन्न प्रदक्षिणांना बरोबर पाऊण तास लागायचा. एका आजीबाईंनी तिला विचारलं, "काय गं पुट्टी, एवढ्यातच नवरा मागतेस होय?"

"नवरा नको, अज्जी. आहे तीच आई जरा बरी कर म्हणून सांगतेय."

त्या आजीबाई इतक्या हसल्या की त्यांची मोजणी चुकली आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मीही हसले. त्या तीन महिन्यांत मी हसले अशा ज्या थोड्या वेळा आहेत, त्यातली ती एक.

वहीत मी सगळं लिहीत होते. केळं खाल्लं तर अर्धं की पूर्ण तेही. आमच्याकडे सोमवार असतो, शनिवार असतो, दोन एकादश्या आणि संकष्टी. मुलगी दहाव्या वर्षापासून अत्तेंबरोबर सगळे धरायची. त्या दिवशीच्या रकान्यांतून मी एक आडवी रेघ ओढायची आणि रेघेवर लिहायची, उपास. डॉक्टरांना बघून बरं वाटेल, असं मला वाटायचं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. वजन जेमतेम एक किलो उतरलं होतं. रक्तातला आकडा उतरला नव्हता. पहिल्यापेक्षा थोडा वरच गेला होता.

डॉक्टर वही घेऊन बसल्या. पानं उलटली, पुन्हा मागं गेल्या, बोटानं रेघा मोजल्या. "आठवड्यातून दोन-तीन दिवस ही काहीच खात नाही," त्या म्हणाल्या. "उपाशी ठेवू नका म्हटलं होतं मी."

"घरची रीत आहे, डॉक्टर. तिला सवय आहे."

"बाकीच्या दिवशी खाणं ठीक. चालणं नेमानं. आणि तरी वजन हलत नाही आणि आकडा वर." त्यांनी वही मिटली. "काहीतरी दुसरं आहे का ते बघायला हवं. थायरॉइड पाहू. यकृताची सोनोग्राफी करून घेऊ. तारीख पुढच्या बुधवारची मिळेल."

"दुसरं म्हणजे काय?"

"बघितल्याशिवाय काय सांगू?"

डॉक्टर माणसं सांगायचं टाळू लागली की मला फार भीती वाटते. अण्णाच्या वेळीही त्यांनी आधी असंच टाळलं होतं.

ते आठ-नऊ दिवस मला पूर्ण आठवतात. ऑफिसात माल आला, मी सह्या केल्या, काय आलं ते सांगता आलं नसतं. घरी ती बुटाची नाडी बांधायला वाकली की मी मान वर करायची. ती उठून उभी राहीपर्यंत मी हातातलं काम सोडून बघत राहायची. जिना चढून आली की तिच्या ओठांचा रंग बघायची. यकृत म्हटल्यावर मला कावीळ आठवायची, कॅन्सर आठवायचा, कुणाकुणाची गेलेली मुलं आठवायची. विचारायला कुणी नव्हतं. अत्तेंना विचारलं असतं तर त्यांनी नवस बोलला असता.

मला बसून राहणं जमत नाही. स्टोअर्समध्ये एखादी वस्तू पुरेनाशी झाली की आम्ही मागणी दुप्पट करतो. मी तेच केलं. थोड्या चालण्यानं आणि थोड्या पथ्यानं आकडा हलला नाही ना, मग दोन्ही वाढवायचं. चोपन्नच्या जागी एकशे आठ. रात्रीचं जेवण बंद, नुसतं ताक. आणि उपास अगदी कडक, फक्त पाणी. डॉक्टरांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, आणि नको म्हटल्यावर मी काय करत बसले असते?

ती पहिल्या रात्री ताकाचा पेला बघून म्हणाली, "एवढंच?"

मी म्हटलं, "मामासारखं व्हायचंय का तुला?"

तिनं पेला उचलला आणि रिकामा केला. पुढच्या चार दिवसांत मी ते वाक्य आणखी तीनदा म्हटलं. दर वेळी लागू पडलं. लागू पडतंय याचंच मला बरं वाटत होतं.

शनिवारी ती पाण्यावर राहिली. ह्यांचं त्या शनिवारी येणं झालं नव्हतं. अत्ते कुरकुरल्या, "असला कसला उपास? पोरीचं तोंड बघ." मी म्हटलं, "चार दिवसांचा प्रश्न आहे." रविवारी दोन वेळचं अर्धं जेवण. सोमवारी सकाळी पुन्हा फक्त पाणी, आणि आम्ही पाराकडे निघालो.

पन्नासपर्यंत ती नेहमीसारखी फिरली. सत्तरला हळू झाली. मी म्हटलं, "चल चल, थोड्याच राहिल्यात." त्र्याऐंशीव्या प्रदक्षिणेला ती नागाच्या दगडांजवळ थांबली आणि एका दगडाच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, नमस्कार करतेय.

"आई," ती म्हणाली, "दिसत नाहीये."

आणि खाली बसली. पडली नाही, बसली. अण्णा बसला होता तशी.

मी उठले तेव्हा मांडीवरचे चिंचोके सगळीकडे सांडले, एवढं मला माहीत आहे. नंतर माझा आवाज मला ऐकू आला. मी तिला नावानं नाही, अण्णा म्हणून हाक मारत होते. बायका धावल्या. कुणीतरी तिच्या तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी तळवे चोळले. तिच्या कपाळावर थंडगार घाम होता आणि ओठ पांढरे. रिक्षावाल्यानं तिला उचलायला हात लावला आणि मला म्हणाला, "भिऊ नका अम्मा, स्वल्प नीरु कुडिसी." थोडं पाणी पाजा. मी पाणी पाजू लागले आणि ते तिच्या हनुवटीवरून वाहत होतं. घर वाटेतच होतं. अत्ते फाटकात उभ्या होत्या, त्यांनी रिक्षात आम्हाला पाहिलं आणि आहे त्या लुगड्यात चढल्या. सगळ्या वाटेत त्या तिचा पाय धरून बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

महाविद्यालयाच्याच दवाखान्यात तिला सलाइन लावलं. रक्तातली साखर खूप खाली गेली होती, रक्तदाबही. अर्ध्या तासानं तिच्या ओठांना रंग आला. तिनं विचारलं, "शाळेला उशीर झाला का?" मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

दहा वाजता आमच्या डॉक्टर खाली आल्या. कुणीतरी त्यांना कळवलं होतं. त्यांनी आधी मुलीची नाडी पाहिली, डोळे पाहिले, मग मला म्हणाल्या, "वही आहे?"

वही माझ्या पिशवीत होती. त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

"आज सकाळी काय खाल्लं?"

"पाणी. सोमवार आहे."

"परवा शनिवारी?"

"पाणी."

"आणि आधीचे तीन महिने, हे जे रेघांचे दिवस आहेत, तेव्हाही पाणीच?"

मी उत्तर द्यायच्या आत अत्ते बोलल्या. "पाण्यावर का ठेवू आम्ही लेकराला? हे पाण्याचं वेड या आठवड्यातलं. आमच्या घरात उपास नीट करतात. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हातानं. दुपारी बटाट्याचा कीस, वर तूप. चार वाजता रताळ्याच्या तळलेल्या चकत्या, नाहीतर दाण्याचा लाडू. रात्री वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, आणि एकादशी असली तर वाटीभर साबुदाण्याची खीर. माझ्या हाताखालचं लेकरू उपाशी कशाला राहील?"

सगळं कन्नडमध्ये, अभिमानानं, एकेक पदार्थ बोटावर मोजत.

डॉक्टरांनी वही उघडीच ठेवली. "हे कुठं लिहिलंय?"

"ते कसं लिहिणार?" अत्ते म्हणाल्या. "ते काही खाणं नव्हे. उपास आहे तो."

पलीकडच्या खाटेजवळची नर्स तोंड फिरवून हसली. मी हसले नाही, कारण अत्तेंच्या आधी मला विचारलं असतं तर मीही हेच उत्तर दिलं असतं. आमच्या घरात भात-पोळी म्हणजे खाणं. उपासाचं ते उपासाचं. अर्धं केळं लिहिणाऱ्या मला तीन महिन्यांत एकदाही वाटलं नाही की खिचडीही तोंडातूनच जाते. उलट ते दिवस मी तिच्या पुण्यात जमा धरले होते.

"मी आठ दिवस पुस्तकं उघडून बसले होते," डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मला खाली बघावं लागलं. "हिला कुठला आजार असेल, काय राहून गेलं असेल. घरी स्वयंपाक करतानाही हिचाच विचार. आणि उत्तर तुमच्या कढईत होतं."

"चूक झाली."

"ती चूक मला कळते. माझी आईही अशीच आहे. आजची मात्र कळत नाही. एकशे आठ कुणी सांगितल्या? रिकाम्या पोटी?"

मी म्हटलं, "आकडा वर गेला, म्हणून."

त्यांनी मुलीकडे बघत सांगितलं, मला नाही. "रोज थोडं थोडं चाललं की शरीर उतारा बनवायला शिकतं. आठवडे लागतात त्याला. उपाशी शरीराला एकदम पळवलं तर तो तिखट भागच वाढतो आणि उतारा काही तयार नसतो. म्हणजे जे कमी करायचंय तेच आपण वाढवतो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही हिला व्यायाम दिलात की शिक्षा?"

मुलगी उशीवरून म्हणाली, "ती विचारते, मामासारखं व्हायचंय का."

अत्तेंनी पदर तोंडाला लावला.

"मामाला काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, शटरसुद्धा. मला वाटत होतं की तिला शटरचं माहीत नाही. मग ती म्हणाली, "मला रोज वर्गाचं दार उघडताना वाटतं की आता मी बसणार."

तिच्या तोंडून ते ऐकताना मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. सात महिने आणि तीन महिने मिळून जी भीती मी एकटी बाळगतेय असं समजत होते, ती मी तिच्या ताकात घालून तिला रोज पाजत होते.

बुधवारची सोनोग्राफी झाली. थायरॉइड ठीक निघालं. यकृतात थोडी चरबी होती. "चौदाव्या वर्षी?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "हो. आणि हे परत जाऊ शकतं. दोन्ही वाक्यं ऐका."

दुसरं वाक्य ऐकायला मला बराच काळ लागला.

घरी खरा प्रश्न उपासांचा होता. अत्तेंनी चार दिवस जाऊ दिले. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं की पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलींना उपास नसतोच मुळी, त्यांच्या माहेरी तशी रीत होती. असली कुठलीही रीत त्यांच्या माहेरी नव्हती. त्यांच्या बहिणीला विचारून मी नंतर खात्री करून घेतली. पण त्या दिवसापासून सोमवारी मुलीच्या ताटात बाकीच्या दिवसांसारखीच भाकरी, पालेभाजी, उसळ, पपई पडू लागली. खिचडी अत्तेंपुरतीच व्हायची. मुलगी एक चमचा मागायची आणि अत्ते द्यायच्या, आणि मला सांगायच्या, "लिही. एक चमचा."

प्रदक्षिणा पुन्हा एकवीसवर आल्या. मी पारावर बसायचं बंद केलं, कारण मी बसले की ती माझ्याकडे बघत फिरायची. मी रस्त्याच्या पलीकडे फुलवालीजवळ उभी राहायची. एखाद्या दिवशी ती पाराच्या मागच्या बाजूला गेली आणि जरा वेळ दिसली नाही की मी रस्ता अर्धा ओलांडलेला असायचा. फुलवाली म्हणायची, "अक्का, येतेय बघा. ती आली." सगळा पावसाळा त्या बाईनं मला हेच सांगितलं.

पुढचं रक्त चार महिन्यांनी. निकालाच्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "आज हिच्याशी मी एकटी बोलते." मी बाहेर बाकावर बसले. वीस मिनिटं. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग डॉक्टरांचा आवाज, मग पुन्हा शांत. शेजारच्या बाईनं मला विचारलं, कोणाला घेऊन आलात? मी म्हटलं, भावाला. मग दुरुस्त केलं.

मुलगी बाहेर आली. कागदाची घडी तिच्या स्कर्टच्या खिशात होती.

"दे."

"आधी कबूल कर."

"काय?"

"यात काहीही असलं, चांगलं किंवा वाईट, तरी मामाचं नाव काढायचं नाही. मला घाबरवायला तर नाहीच. मला मामा आवडायचा."

मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"नाही काढणार."

तिनं कागद दिला. आकडा पहिल्या वेळेपेक्षाही खाली आला होता. असायला हवा त्याच्यापेक्षा अजून वर होता, पण खाली आला होता. वजन चारच किलो उतरलं होतं. मानेवरचा पट्टा होता तसाच. डॉक्टर दारात आल्या आणि म्हणाल्या, "आत सुधारतं ते बाहेर उशिरा दिसतं. सहा महिन्यांनी या."

"म्हणजे आता धोका नाही ना?"

"असं लिहून कुणीच देत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

आम्ही फाटकाबाहेर आलो. बस थांब्यावरून सुटत होती. मी म्हणणार होते की पुढची घेऊ, एवढ्यात ती पळाली. दप्तर पाठीवर आपटत होतं, दोन्ही वेण्या सुटल्या होत्या, रस्त्यावरची माणसं बघत होती. मी मागून ओरडले, "पळू नको! अगं, पळू नको!" तिनं दांडा पकडला, वर चढली आणि कंडक्टरला काहीतरी सांगितलं. बस थांबली.

मी पोचले तेव्हा ती पायरीवर उभी होती, दांड्याला धरून, तोंड लालबुंद, घामानं केस चिकटलेले. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता. छाती इतकी जोरानं वरखाली होत होती की मला दुसरं काही दिसेना. मामाचं ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तिनं ते आलेलं पाहिलं. ती वाट बघत राहिली.

"अम्मा, बेग हत्ती," कंडक्टर म्हणाला. लवकर चढा.

मी काहीच न बोलता चढले आणि तिच्या शेजारचा दांडा धरला.